पाण्यात तोललेलं नाणं: घनतेवरून नाण्याचा कस कसा काढायचा

ब्रिटनचं हाफ क्राउन हे नाणं घ्या. १९१९, १९३५ आणि १९४८ सालची तीन नाणी शेजारी ठेवली तर व्यास तोच आणि वजनही तेच, १४.१४ ग्रॅम. पण पहिल्यात ९२.५ टक्के चांदी आहे, दुसऱ्यात निम्मी, आणि तिसरं तांबं-निकेलचं आहे, त्यात चांदी मुळीच नाही. ब्रिटनने १९२० साली चांदीच्या नाण्यांचा कस निम्म्यावर आणला आणि १९४७ पासून चांदी पूर्णच काढून टाकली. साल वाचता येत असेल तोवर काही अडत नाही. साल झिजून गेलं असेल, किंवा समोरचं नाणं टाकसाळीतून आलंय की कुणी ओतलंय अशी शंका असेल, तेव्हा साधा काटा उपयोगाचा नाही, कारण तो तिघांनाही एकच आकडा देतो. फरक आहे तो त्या नाण्यांनी व्यापलेल्या जागेत. पहिलं साधारण १.३७ घन सेंटिमीटर जागा घेतं, दुसरं १.४८ आणि तिसरं १.५८.

ही जागा अचूक मोजता आली की घनता मिळते, आणि घनतेवरून धातूचं प्रमाण काढता येतं. कसोटीच्या दगडावर घासायला नको, आम्लाचा थेंब नको, कडेला कानस लावायला नको. नाणं जसं होतं तसंच हातात परत येतं. जुन्या नाण्याच्या बाबतीत माझ्या लेखी हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकदा ओरखडा पडला की तो कायमचा.

आकारमान काढण्यासाठी मोजपात्रात नाणं टाकून पाणी किती चढतं ते पाहायचं, हे शाळेत शिकवतात. नाण्यासाठी ही रीत विसरा. मोजपात्रावरच्या रेघा अर्ध्या किंवा एका मिलिलिटरच्या असतात, आणि इथे संपूर्ण चांदी आणि मुळीच चांदी नाही या दोन टोकांतलं अंतरच मुळी ०.२ मिलिलिटर आहे. जाडी-व्यास मोजायचा कॅलिपरही चालत नाही, कारण नाण्याची कड उंच, पृष्ठभाग खोल आणि चित्र उठावाचं असतं. आर्किमिडीजने सिराक्यूसच्या राजाच्या मुकुटातली भेसळ सांडलेल्या पाण्यावरून ओळखली, ही गोष्ट रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवली आहे. गॅलिलिओला ती पटली नाही. सांडलेलं पाणी मोजण्यात फार ढोबळपणा आहे, आर्किमिडीजने वस्तू पाण्यात बुडवून तोलली असणार, असं म्हणत १५८६ साली त्याने त्यासाठी एका छोट्या तराजूची रचनाच मांडली. आपणही तेच करणार आहोत. आकारमान मोजायचं ते काट्यावर.

आधी काट्याची कुवत पाहा

बहुतेक जण आधी नाणं बुडवतात, आकडा लिहितात आणि मग त्या आकड्याचा अर्थ लावत बसतात. उलटं करा. आपला काटा हा प्रश्न सोडवू शकतो का, हे कागदावर आधी काढा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढची सगळी फसगत त्याने टळते.

घनता म्हणजे वजन भागिले आकारमान. वजन मोठा आकडा असतो, त्यातली चूक नगण्य ठरते. आकारमान छोटं असतं, म्हणून खरी चूक तिथे शिरते. पाण्यात बुडवल्यावर काट्यावर जी नोंद येते, म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन, ती ९२.५ टक्के चांदीच्या हाफ क्राउनसाठी १.३६ ग्रॅमच्या आसपास असेल. तुमचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असेल आणि शेवटचा आकडा एकने इकडेतिकडे झाला, तर ती चूक पाऊण टक्क्याची झाली. घनतेत ती ०.०८ च्या जवळ जाते. चांदी-तांब्याच्या संमिश्रात घनता ०.०१७ ने बदलली की चांदीचं प्रमाण एका टक्क्याने बदलतं. म्हणजे उत्तरात साडेचार टक्क्यांची चूक! अशा काट्यावर ९२.५ आणि ५० टक्के सहज वेगळे ओळखता येतील, ९२.५ आणि ९० कधीच नाही.

तेच नाणं ०.००१ ग्रॅमच्या काट्यावर तोललं तर चूक अर्ध्या टक्क्यावर येते.

नाणं लहान झालं की परिस्थिती झपाट्याने बिघडते. साडेतीन ग्रॅमचा डिनेरियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, पाण्यात जेमतेम ०.३३ ग्रॅम दाखवतो. ०.०१ च्या काट्यावर त्याची चूक तीन टक्के, आणि चांदीच्या प्रमाणात ती अठरा टक्के होते. ते मोजणं आणि न मोजणं सारखंच. उलट २६.७३ ग्रॅमचा अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर साध्या काट्यावरही बरंच खरं बोलतो. सोन्याचं गणित आणखी सोपं आहे, कारण सोनं (१९.३०) आणि तांबं (८.९६) यांच्यात प्रचंड अंतर आहे. तिथे घनतेत एक टक्का चूक झाली तरी सोन्याच्या प्रमाणात ती जेमतेम एक टक्काच राहते. चांदी (१०.४९) आणि तांबं मात्र इतके जवळ आहेत की तेवढीच चूक सहा टक्क्यांची होते. (ही आणि पुढची सगळी घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आहे.)

साहित्य

- ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. ५० ग्रॅम क्षमतेचा पुरतो, पण पाण्याने भरलेला पेला त्या क्षमतेत बसला पाहिजे. फक्त ०.०१ चा काटा असेल तर मोठ्या नाण्यांपुरतं काम करा.
- काटा तपासायला एक-दोन वजनं.
- नाणं उभं बुडेल एवढा छोटा, हलका पेला. काच उत्तम. प्लास्टिकवर स्थिर विद्युत साचते आणि आकडा नाचतो.
- अगदी बारीक नायलॉनचा दोरा, मासेमारीच्या गळाला लावतात तसा, जमल्यास ०.१ मिलिमीटर जाडीचा. सुती दोरा नको, तो पाणी पितो.
- दोरा टांगायला आधार. दोन्ही बाजूंना पुस्तकांची चळत आणि त्यावर आडवी पट्टी एवढंही पुरतं. आधार काट्याला कुठेही टेकता कामा नये.
- डिस्टिल्ड वॉटर, उकळून झाकून थंड केलेलं. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते, मग ती नाण्यावर बुडबुडे होऊन बसत नाही.
- भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब, थर्मामीटर आणि मऊ ब्रश.

पाणी, काटा आणि नाणं काही तास एकाच खोलीत ठेवा. पंखा बंद करा. मिलिग्रॅमच्या काट्याला वाऱ्याची झुळूकही कळते.

नाण्याची तयारी

पॉलिश करायचं नाही, चिंच-लिंबू लावायचं नाही, टूथपेस्ट तर नाहीच. फक्त चिकट मळ आणि तेलाचा थर काढायचा आहे, कारण तेलावर पाणी नीट पसरत नाही आणि बुडबुडे धरले जातात. काचेच्या भांड्यात शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणं दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि काढून हवेत वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत, ठिणगी, सिगारेट काही नको, ॲसिटोन भडकतो.

काही नाणी मुळात या वाटेला नेऊच नयेत. दागिन्यासाठी कडी डाखलेलं नाणं मोजलं तर डाखाची घनताही मिसळते. हिरवी भुकटी सुटणारं तांब्याचं किंवा काशाचं नाणं पाण्यात घातलं तर त्याचा रोग वाढतो. भेगाळलेलं, आतून पोखरलेलं नाणं पाणी शोषून घेतं आणि त्याचा आकडा काहीच सांगत नाही.

मोजणी

पहिली पायरी कोरड्या वजनाची. काटा सपाट जागी ठेवा, सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, ज्ञात वजनाने तपासा. मग नाण्याचं हवेतलं वजन तीनदा घ्या. प्रत्येक वेळी नाणं उचलून परत ठेवा आणि सरासरी लिहून ठेवा.

आता पेल्यात पाणी घ्या, साबणाचा थेंब काडीने हलकेच मिसळा, फेस होऊ देऊ नका. पेला काट्यावर ठेवा. दोऱ्याचा एक सरकता फास करा आणि आधाराला असा टांगा की फास पाण्यात बुडेल, पण तळाला किंवा भिंतीला लागणार नाही. दोरा आता जेवढा बुडलाय तेवढाच नाण्यासह बुडला पाहिजे, म्हणून पाण्याच्या पातळीजवळ दोऱ्यावर बारीक खूण करून ठेवा. या स्थितीत काटा शून्य करा. असं केल्याने दोऱ्याचं आकारमान आणि पाण्याच्या पृष्ठभागाने दोऱ्याला दिलेली ओढ, दोन्ही हिशेबातून जवळजवळ निघून जातात. ही ओढ क्षुल्लक समजू नका. साध्या पाण्यात ०.२ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्यावर ती साडेचार मिलिग्रॅमपर्यंत जाते. साबणाचा थेंब तिला निम्म्याहून कमी करतो.

दोरा वर घ्या, नाणं फासात अडकवा आणि उभं, कडेवर, पाण्यात सोडा. आडवं सोडलं तर खालच्या बाजूला हवा अडकते. उभ्या नाण्यावरचे बुडबुडे आपोआप वर सरकतात. तरीही उजेडात चहूबाजूंनी पाहा. अक्षरांच्या कोपऱ्यांत, कडेवरच्या दात्यांत आणि फासाच्या गाठीशी बुडबुडे हटकून लपतात, ते ब्रशच्या टोकाने हलवून काढा. नाणं पूर्ण बुडालेलं, कुठेही न टेकलेलं आणि स्थिर झालं की काट्यावरचा आकडा वाचा.

काटा नाण्याचं वजन दाखवत नाहीये, हे लक्षात घ्या. नाणं दोऱ्याला टांगलेलं आहे, त्याचा भार आधार पेलतोय. पण पाणी नाण्याला जेवढ्या प्लावक बलाने वर ढकलतं तेवढ्याच बलाने नाणं पाण्याला खाली दाबतं, आणि काटा तो दाब दाखवतो. तो आकडा म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. नाणं तळाला जरा जरी टेकलं तर त्याचा काही भार पेल्यावर येतो आणि आकडा एकदम फुगतो. हाफ क्राउनला पावणेदोनच्या पुढचा आकडा दिसला तर आधी दोरा तपासा.

एक बारकावा बरेच जण सोडून देतात. नाणं बाहेर काढताना अंगाबरोबर थोडं पाणी घेऊन येतं, शिवाय पेल्यातलं पाणी सतत उडत असतं. म्हणून जुना शून्य दुसऱ्या नोंदीला चालत नाही. दर खेपेला नाणं टिपून घ्या, रिकामा फास पाण्यात सोडा, काटा पुन्हा शून्य करा आणि मगच नाणं बुडवा. अशा पाच नोंदी घ्या.

नोंदी एकमेकींपासून किती लांब आहेत ते पाहा. मिलिग्रॅमच्या काट्यावर त्या चार-पाच मिलिग्रॅमच्या आत हव्यात. एखादी इतरांपेक्षा दहा-बारा मिलिग्रॅमने जास्त आली तर तो बहुधा बुडबुडा. बुडबुड्याची चूक नेहमी एकाच दिशेला जाते: आकारमान वाढतं, घनता घटते आणि चांगलं नाणं हीणकस दिसतं.

आकड्यावरून घनता

सूत्र असं:

घनता = (हवेतलं वजन ÷ पाण्यातली नोंद) × (पाण्याची घनता − ०.००१२) + ०.००१२

०.००१२ ही हवेची घनता. नाणं हवेतही किंचित तरंगतं, त्याची ही दुरुस्ती. ०.०१ च्या काट्यावर ती सोडून दिली तरी बिघडत नाही, मिलिग्रॅमच्या काट्यावर सोडू नका. पाण्याची घनता तापमानावर अवलंबून असते: १५ अंश सेल्सियसला ०.९९९१, २० ला ०.९९८२, २५ ला ०.९९७०, २७ ला ०.९९६५, ३० ला ०.९९५७.

समजा, साल झिजलेल्या एका नाण्याचं हवेतलं वजन १४.०२१ ग्रॅम आलं. पाण्यातल्या पाच नोंदी १.३५०, १.३४८, १.३४९, १.३५१ आणि १.३४७, सरासरी १.३४९. पाणी २७ अंशांवर. १४.०२१ भागिले १.३४९ म्हणजे १०.३९४. त्याला ०.९९५३ ने गुणलं आणि ०.००१२ मिळवले की घनता १०.३४६.

तापमानाकडे दुर्लक्ष करून पाण्याची घनता सरळ १ धरली असती तर उत्तर १०.३९४ आलं असतं, आणि चांदी ९२ टक्क्यांच्या ऐवजी साडेचौऱ्याण्णव दिसली असती. थर्मामीटर एवढ्यासाठी.

घनतेवरून कस

दोनच धातू असतील तर गणित सरळ आहे. जड धातूचं वजनी प्रमाण असं काढायचं:

प्रमाण = जड धातूची घनता × (नाण्याची घनता − हलक्या धातूची घनता) ÷ [नाण्याची घनता × (जड धातूची घनता − हलक्या धातूची घनता)]

अनेक जण इथे चुकतात. घनता दोघांच्या बरोबर मध्ये आली म्हणजे प्रमाण निम्मं-निम्मं, असं धरून सरळ त्रैराशिक मांडतात. तसं मांडल्यास आकारमानाचं प्रमाण मिळतं, वजनाचं नाही. चांदी-तांब्यात हा फरक थोडा आहे, सोन्यात फार मोठा.

आपल्या उदाहरणात: १०.४९ × (१०.३४६ − ८.९६) ÷ (१०.३४६ × १.५३) = ०.९१८. म्हणजे ९१.८ टक्के. नोंदींमधली अनिश्चितता दोन मिलिग्रॅम धरली तर उत्तर एका टक्क्याने पुढेमागे होऊ शकतं, म्हणून ९२.५ टक्क्यांचं नाणं म्हणायला हरकत नाही. पाचापैकी एखादी नोंद १.३६२ आली असती आणि तेवढीच धरून बसलो असतो, तर उत्तर ८६ टक्के आलं असतं. तेरा मिलिग्रॅमचा हा फरक पाडायला दात्यांत अडकलेले चार-पाच बुडबुडे पुरतात.

चांदी-तांब्याच्या नेहमीच्या कसांची घनता:

- शुद्ध चांदी: १०.४९
- ९२.५ टक्के: १०.३६
- ९० टक्के: १०.३१
- ८३.३ टक्के, ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा थॅलर या नाण्याची: १०.२०
- ८० टक्के: १०.१४
- ५० टक्के: ९.६७
- ४० टक्के: ९.५२
- तांबं-निकेल (७५:२५): ८.९५
- शुद्ध तांबं: ८.९६

शेवटच्या दोन ओळी पाहा. तांबं, निकेल (८.९०) आणि त्यांचं संमिश्र यांना घनता वेगळं ओळखू शकत नाही. तिथे रंग आणि लोहचुंबक जास्त सांगतात. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतं, ७५:२५ चं संमिश्र चिकटत नाही.

हे गणित चांदी-तांब्याला इतकं चोख बसतं, कारण घन अवस्थेत हे दोन्ही धातू एकमेकांत फारसे विरघळत नाहीत. दोघांचे कण शेजारी शेजारी राहतात, म्हणून आकारमानांची बेरीज जवळपास खरी ठरते. जस्ताचं तसं नाही. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं पितळ या हिशेबाने ८.३२ यायला हवं, प्रत्यक्षात ते ८.५३ असतं, कारण जस्त तांब्यात शिरताना आकसतं. पितळेच्या नाण्याचं प्रमाण या सूत्राने काढू नका.

जस्ताचा दुसरा त्रास आणखी फसवा आहे. १९२७ पासून १९४६ पर्यंतच्या ब्रिटिश नाण्यांत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त होतं. जस्ताची घनता अवघी ७.१४. त्यामुळे अशा नाण्याची घनता साडेनऊच्या आसपास येते, आणि दोन धातूंचं सूत्र लावलं तर चांदी चाळीस-बेचाळीस टक्केच दिसते. नाणं अस्सल, मोजणी बिनचूक, आणि उत्तर आठ-दहा टक्क्यांनी चूक! म्हणून सूत्र लावण्यापूर्वी त्या काळच्या नाण्यात काय मिसळत असत ते शोधा. माहीत असेल तर उलट हिशेब करा: प्रत्येक धातूचं प्रमाण त्याच्या घनतेने भागा, सगळे भागाकार मिळवा, एकाला त्या बेरजेने भागा. ही झाली अपेक्षित घनता. तुमची मोजलेली घनता तिच्याशी ताडून पाहा. मला स्वतःला हीच रीत जास्त भरवशाची वाटते. "यात काय आहे?" यापेक्षा "हे जे म्हणवतं तेच आहे का?" या प्रश्नाचं उत्तर घनता कितीतरी चांगलं देते.

सोन्यात हीण म्हणून तांबं आणि चांदी दोन्ही असू शकतात, तेव्हा एकच आकडा न देता पल्ला द्या. घनता १७.६ आली आणि सगळं हीण तांब्याचं धरलं तर सोनं ९१.६ टक्के, सगळं चांदीचं धरलं तर ८८.५ टक्के. खरं उत्तर या दोघांमध्ये. ७.९८८ ग्रॅमचा बावीस कॅरेटचा सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचं नाणं तांब्याच्या हिणाचं आहे हे ठाऊक असल्याने तिथे पहिला आकडा धरायचा.

पहिल्यांदा ओळखीचं नाणं

शंकेचं नाणं मोजायच्या आधी ज्याचा कस पक्का ठाऊक आहे असं नाणं मोजा, आणि शक्यतो शंकेच्या नाण्याएवढंच. ९९.९ टक्के चांदीचं एक औंसाचं, म्हणजे ३१.१ ग्रॅमचं गुंतवणुकीचं नाणं यासाठी फार चांगलं. त्याचं उत्तर १०.४९ च्या दोन-तीन शतांशांत यायला हवं. १९६८ ते १९८६ दरम्यानचा कॅनडाचा निकेलचा डॉलर (१५.६२ ग्रॅम) मिळाला तर तोही उत्तम, त्याची घनता ८.९०. ओळखीच्या नाण्याचं उत्तर सारखं एकाच बाजूला झुकत असेल तर दोष मांडणीत आहे, तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. मी तरी प्रत्येक बैठकीची सुरुवात अशीच करतो, कारण काटा कालच्यासारखाच आज वागेल असं धरून चालत नाही.

घनता कुठे फसते

घनता चुकीची आली तर नाणं नक्कीच सांगितलेल्या धातूचं नाही. बरोबर आली तर मात्र ते असू शकतं, एवढंच सिद्ध होतं. ८२ टक्के शिसं आणि १८ टक्के कथील एकत्र वितळवलं तर घनता १०.३१ च्या जवळ येते, म्हणजे थेट ९० टक्के चांदीची! पण ते नाणं मऊ असतं, नखानेही त्यावर ओरखडा उठतो आणि वाजवलं तर बद्द आवाज येतो. चांदीचं नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकारलं की खणखणीत, लांबणारा नाद देतं. शुद्ध सोन्याच्या बाबतीत टंगस्टन (१९.२५) ही मोठी अडचण आहे. वर सोन्याचा जाड मुलामा आणि आत टंगस्टन असेल तर पाणी फरक सांगू शकत नाही, तिथे ध्वनिलहरींची किंवा विद्युतवाहकतेची चाचणीच हवी. बावीस कॅरेटचं नाणं मात्र साडेसतराच्या आसपास यायला हवं. ते एकोणीस दाखवत असेल तर ते "जास्त शुद्ध" नाही, खोटं आहे.

धातूचं प्रमाण वाचणाऱ्या क्ष-किरणांच्या यंत्राशी तुलना केली तर घनतेची एक बाजू वरचढ आहे. ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं. १९६५ ते १९७० दरम्यानच्या अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर बाहेर ८० टक्के चांदीचा थर आहे, आत सुमारे २१ टक्क्यांचा गाभा, आणि सगळं मिळून ४० टक्के. यंत्र ८० म्हणेल, पाणी ९.५२ म्हणजे ४० म्हणेल. जुन्या हीणकस चांदीच्या नाण्यांतही वरच्या थरातलं तांबं टाकसाळीतच किंवा जमिनीत निघून गेलेलं असतं आणि कातडी अंगापेक्षा शुद्ध दिसते. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली प्राचीन बनावट नाणीही घनतेत लगेच उघडी पडतात, ती नऊच्या आसपास रेंगाळतात.

प्राचीन नाण्यांचा उलटा धोका असा की जमिनीत शेकडो वर्षं काढून त्यांच्या आत पोकळ्या आणि क्षार झालेले असतात. त्यामुळे घनता खरीपेक्षा कमी येते, जास्त कधीच नाही. अशा नाण्याचं उत्तर "निदान एवढी चांदी" असं वाचा. पाण्यात सोडल्यावर आकडा मिनिटागणिक खाली सरकत राहिला तर पाणी आत शिरतंय. लगेच बाहेर काढा आणि ते नाणं या यादीतून वगळा.

नोंद आणि सुकवणं

वहीत नुसतं "चांदी ९२ टक्के" लिहू नका. हवेतलं वजन, पाण्यातल्या पाचही नोंदी, पाण्याचं तापमान, काट्याचं सूक्ष्म माप, ओळखीच्या नाण्याचं त्या दिवशीचं उत्तर, हीण कोणतं धरलं ते, आणि शेवटी "९१.८, एक टक्का कमीजास्त" असं लिहा. वर्षभराने चांगला काटा मिळाला किंवा त्या नाण्यात जस्त होतं असं कळलं, तर याच नोंदींवरून हिशेब पुन्हा मांडता येतो, नाणं पुन्हा ओलं करावं लागत नाही.

मोजून झाल्यावर नाणं स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात दोनदा बुडवून साबण काढा. मऊ सुती कापडावर ठेवून वरून टिपा, घासू नका. मग ॲसिटोनमध्ये एक बुचकळी द्या, तो कोपऱ्यांतलं पाणी ओढून घेतो. उघड्यावर तासभर राहू द्या, कडेला धरून उचला आणि पूर्ण कोरडं झाल्याची खात्री करूनच पाकिटात ठेवा.